बालीतल्या बातूर ज्वालामुखीवर सूर्योदयाचा ट्रेक करायचाय, आधी काय बघू?

बुकिंगच्या आधी धोक्याची पातळी बघा. ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक ज्वालामुखीची १ ते ४ अशी पातळी दिलेली असते. १ असेल तर जा. २ झाली तर शिखराचा नाद सोडा, एजंट काहीही सांगो. डिसेंबर २०२३मध्ये सुमात्रातल्या मारापीच्या उद्रेकात २४ गिर्यारोहकांचा जीव गेला, तेव्हा तिथे पातळी २च होती आणि विवराजवळ जायला मनाई होती. हे मनापासून सांगतोय.

बाकी बातूर तसा सोपा आहे: उंची १,७१७ मीटर, चढ दोनेक तासांचा. पहाटे चारच्या सुमारास निघतात, स्थानिक गाईड घ्यावाच. उतरताना सुट्या खडीवर पाय घसरतो, त्यामुळे चांगल्या पकडीचे बूट हवेत. वर थंडी वाजते, जाकीट घ्या. शक्यतो नोव्हेंबर ते मार्च टाळा, पावसाचे महिने आहेत.