अस्तर ९ मिलिमीटर होतं, तरी ट्रान्सफर का थांबवलं?

प्रश्न : माझं वय ३३. टेस्ट ट्यूब बेबीसाठी अकरा दिवस पोटात इंजेक्शनं घेतली. चौदा बीजं निघाली, चार गर्भ पाचव्या दिवसापर्यंत वाढले. पण डॉक्टर म्हणाले, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन १.९ आलंय, गर्भ फ्रीज करू, ट्रान्सफर (गर्भ गर्भाशयात सोडणं) नंतर. गर्भाशयाचं अस्तर तर ९ मिलिमीटर होतं! सासूबाई विचारतात, ताजा सोडून शिळा गर्भ कशाला? माझं काही चुकलं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं काहीही चुकलेलं नाही.

एरवी महिन्याला एक बीज पिकतं, तेव्हा रक्तातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन दोन-तीनशे पिकोग्रॅमपर्यंत चढतं. चौदा बीजं एकदम वाढली की तेच हजारांत जातं. शिवाय इतक्या बीजकोशांतून थोडं थोडं प्रोजेस्टेरॉनही बीजं काढण्याआधीच रक्तात उतरायला लागतं. ते १.५ नॅनोग्रॅमच्या वर गेलं की आम्ही सावध होतो. अस्तर नुसतं जाड असून भागत नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर तुम्ही त्याच्या तीन रेघा पाहिल्या असतील. प्रोजेस्टेरॉन लागलं की त्या पुसट होत जातात, सगळं पांढरं दिसू लागतं. त्यानंतर अस्तर गर्भाला धरतं, पण मोजकेच दिवस. तुमच्या अस्तराचे ते दिवस लवकर सुरू झाले असते आणि गर्भ मागे राहिला असता.

सासूबाईंना हे जरूर सांगा : भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी 'दुर्गा' ३ ऑक्टोबर १९७८ला कोलकात्यात जन्मली, ती गोठवलेल्या गर्भातूनच. डॉ. सुभाष मुखर्जींनी इंजेक्शनांच्या महिन्यात गर्भ सोडला नाही, नंतरच्या पाळीत सोडला. हयातीत त्यांचं म्हणणं कुणी मानलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते. उणे १९६ अंशांवर गर्भाचं वय तिथंच थांबतं, तो शिळा होत नाही. बाहेर काढताना एखादा दगावू शकतो, पण क्वचित.

सगळ्यांनीच गर्भ गोठवावेत असं मात्र मी म्हणणार नाही. प्रोजेस्टेरॉन चढलेलं नसेल आणि अंडाशयं सुजण्याची भीती नसेल, तर ताजं ट्रान्सफरही चांगलंच.

तुमची पाळी नियमित असेल तर अस्तर वाढवणाऱ्या गोळ्यांऐवजी नैसर्गिक पाळीत ट्रान्सफर करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. गोळ्यांवर करायचं ठरलं, तर प्रोजेस्टेरॉन सुरू केल्याची तारीख आणि वेळ कॅलेंडरवर लिहून ठेवा. ट्रान्सफरचा दिवस तिथूनच मोजतात. एखादा डोस चुकला तर घाबरून लपवू नका, लगेच दवाखान्यात फोन करा.