मुलीची शाळा आणि सराव वाढलाय, पण ताब्याचं वेळापत्रक जुनंच आहे. ते बदलायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की दोन-दोन-तीन दिवसांचं वेळापत्रक (दोन दिवस एकाकडे, दोन दुसऱ्याकडे, तीन परत पहिल्याकडे, पुढच्या आठवड्यात उलट) मुलगी पाच वर्षांची असताना ठरलं. आता ती सहावीत आहे, आठवड्यातून तीन संध्याकाळी बास्केटबॉलचा सराव असतो, आणि विषय काढला की तिचे बाबा म्हणतात, "माझे दिवस कापायचा डाव आहे."

हेच वाक्य मी माझ्या मुलाच्या बाबांना ऐकवलं होतं. बदल त्यांनी सुचवला होता आणि अडून मी बसले होते. म्हणून समोरच्याच्या मनात काय चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे. कोर्टात झगडून मिळवलेला एकेक दिवस हातातून जाईल, एवढीच भीती असते.

आमचंही दोन-दोन-तीनच होतं. अगदी लहान मुलाला ते बरं पडतं, कारण कुणापासूनच सलग तीन दिवसांपेक्षा जास्त लांब राहावं लागत नाही. पण त्यात वार फिरतात. मंगळवार या आठवड्यात माझा, पुढच्या आठवड्यात त्यांचा. एका मंगळवारी तलावावर बॅग उघडली तर पोहायचा चष्मा त्या घरी राहिलेला, आणि मागच्या गुरुवारचा ओला पोशाख पिशवीत तसाच, कुबट वास मारत. मुलगा मला काही बोलला नाही. सरांना जाऊन म्हणाला, "पोट दुखतंय." आम्हा दोघांना सांभाळून घेत होता तो, नऊ वर्षांचा. त्या दिवशी मी फोन केला.

मग आम्ही दोन-दोन-पाच-पाच केलं. सोमवार-मंगळवार कायम माझ्याकडे, बुधवार-गुरुवार कायम त्यांच्याकडे, शुक्रवार ते रविवार आळीपाळीने. चौदा दिवसांत दोघांचे सात-सातच राहतात. हे कागदावर मांडून दाखवा, 'दिवस कापले' हा मुद्दाच उरत नाही. सराव ठरलेल्या वारी असतो, त्यामुळे कोणत्या दिवशी कोण नेणार हेही पक्कं होतं. तोटा एकच, सलग पाच दिवस एका घरी. सहावीतल्या मुलीला ते बहुधा झेपतं, मध्ये एखादा फोन असला तर.

बोलायला जाताना ठरवून टाकलेला निर्णय नेऊ नका. तिचे दोन आठवडे लिहून न्या: शाळा, गृहपाठ, सराव, प्रवास, झोप, आणि काहीच नसलेला वेळ. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क म्हणून कलम ३१ मध्ये आहे. आपलं मत मांडण्याचा हक्क कलम १२ मध्ये. म्हणून मुलीला विचाराच, पण "कुणाकडे राहायचंय?" असं कधीच नाही. "आठवड्यात कशाचा त्रास होतो?" एवढंच विचारा. आणि त्यांच्या वाराला पडणारा नवा क्लास त्यांना न विचारता लावू नका. आमच्याकडे सगळ्यात मोठं भांडण यावरूनच झालं होतं, चूक माझी होती.

कोर्टाचा आदेश असेल तर तोंडी समजुतीवर विसंबू नका. उद्या बिनसलं की जुना कागदच पुढे येतो. आधी शाळेचं एक सत्र नवं वेळापत्रक करून पाहा, ते कधीपर्यंत आणि कसं हे लिहून दोघांनी सह्या करा. जमलं तर वकिलामार्फत परस्परसंमतीने आदेशात बदल करून घ्या. संमती नसेल तर अर्ज करावा लागतो. तिथे परिस्थिती काय बदलली आणि मुलीचं हित कशात आहे, हे पाहिलं जातं. शाळेचं वेळापत्रक, सरावाचे वार, बुडालेल्या दिवसांची नोंद कामी येते. त्यांच्या स्वभावाच्या तक्रारींनी फारसं काही साधत नाही. नेमकी प्रक्रिया देशागणिक वेगळी असते, ती तिथल्या वकिलालाच विचारा.

आणि बूट, सरावाचे कपडे दोन्ही घरी एकेक जोड ठेवा. आम्ही दुसरा चष्मा फार उशिरा घेतला.