बाबांना दिसत नाही, बटनवाला फोन बिघडला, आता टच फोन घेऊन द्यावा का?

घ्या भाऊ, बिनधास्त घ्या. तुम्ही लिहिलं की शुगरनं बाबांची नजर गेली आणि सपाट काचेवर त्यांना काय समजणार. मला स्वतःला अजिबात दिसत नाही, नागपुरातच राहतो अन् हे उत्तर टच फोनवरच लिहून राहिलो.

खरी गोची अशी आहे की टचवर बटन शोधायला हात लावला की ते दबूनच जाते. अँड्रॉइडमधलं टॉकबॅक (आयफोनमधे व्हॉइसओव्हर, २००९ च्या थ्रीजीएसपासून) नेमकं हेच सोडवते, बोट ठेवलं की फोन नुसता नाव बोलतो, उघडायचं असलं तर दोनदा टकटक करायचं, बोट उजवीकडे सरकवलं की पुढचं वाचतो, पान सरकवायला दोन बोटं (आयफोनवर तीन). आवाज मराठी करून द्या. सुरुवातीला बाबा चिडतील, चिडू द्या, पण त्यांचं बोट धरून फिरवू नका. अँड्रॉइडवर आवाज कमी-जास्त करायची दोन्ही बटनं दाबून धरली की टॉकबॅक चालू-बंद होते, तो शॉर्टकट आधीच चालू करून ठेवा, नाहीतर घरातलं पोरगं फोन घेईल अन् म्हणेल हँग झाला.

काही अ‍ॅप मात्र वैताग आणतात, नुसतं "बटन, बटन" बोलतात कारण बनवणाऱ्यानं बटनाला नावच दिलं नसते. बँकेच्या केवायसीत डोळे मिचकवा म्हणतात ते तर विचारूच नका, ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं त्याला दुसरा पर्याय द्या म्हणून सांगितलं आहे, बँकवाला अडला तर हा निकाल दाखवा.

पैशासाठी कार्डापेक्षा यूपीआय बरं. बर्डीच्या बाजारात दुकानदार सपाट स्क्रीनवालं कार्ड मशीन पुढे करतो, जुन्या मशीनवर पाचाच्या बटनावर टिंब तरी हाताला लागायचं, इथे काहीच नाही, मग तोच म्हणतो "पिन सांगा काका, मी टाकतो". काय बोलावं! यूपीआयचा पिन आपल्याच फोनवर, इअरफोन लावून टाकता येतो. नोट ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मणी अ‍ॅप टाकून द्या, नेटशिवाय चालते.

अन् न विचारलेलं एक सांगतो, फोन टचचा चालेल पण घरात टचवाली इंडक्शन शेगडी किंवा वॉशिंग मशीन आणू नका, ते बोलत नाही, बोट लागलं की सुरूच होते. फिरवायचा नॉब कटकट वाजतो, मोजता येतो, तसलंच मॉडेल मागा, दुकानदार जुनं आहे म्हणेल तरी.