फॉर्म गेलाय आणि टूरही चालूय, तेव्हा

हे बघ, गोल्फ स्पर्धेत कट मिस झाला, म्हणजे पहिल्या फेऱ्यांनंतरच बाहेर पडलास, की त्या संध्याकाळी हॉटेलवर बसून स्विंगचे व्हिडिओ बघत बसू नकोस, मी दोन सीझन तेच केलं आणि दर आठवड्याला काठी धरायची नवीन ग्रिप घेऊन टी-ऑफला, पहिल्या फटक्याला, उभा राहिलो, मग काय, बॉल कुठेही. दुरुस्ती घरच्या कोचसमोर, मॅचच्या आठवड्यात फक्त एकच गोष्ट डोक्यात ठेव.

पीजीटीआयवर, म्हणजे आपल्या भारतातल्या व्यावसायिक गोल्फ टूरवर, फिरायचं म्हणजे कधी चंदीगड, कधी जमशेदपूर, आणि आसामातल्या दिग्बोईला तर दिब्रुगडपर्यंत विमान, मग पुढे गाडी, त्यामुळे पोचल्या दिवशी अंग आखडलेलं असतं. त्या दिवशी ड्रायव्हर, ती लांब फटक्याची काठी, काढूच नको. नुसता पुटर, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायची काठी, आणि तीन बॉल घेऊन ग्रीनवर, होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, जा, तीन फुटांवरून पन्नास पुट घाल, ग्रीनचा वेग पायाला कळतो बघ. बर्म्युडा गवत असेल तर होलच्या कडा नीट बघ, ज्या बाजूची कड खडबडीत, कुरतडल्यासारखी दिसते तिकडे गवताचा कल असतो, हे मला एका म्हाताऱ्या कॅडीने, बॅग उचलणाऱ्या सोबत्याने, शिकवलं. लोकल कॅडीचं ऐकच.

पैशाचं खरं सांगतो, कट चुकला की हातात काही येत नाही पण एंट्री, तिकीट, हॉटेल, कॅडी सगळं जातंच, म्हणून खोली दोघांत घे आणि जवळजवळच्या स्पर्धा आधी पकड. बॅगेत ड्रायव्हरच्या डोक्याभोवती टॉवेल गुंडाळ, माझा एकदा विमानतळाच्या पट्ट्यावर शाफ्ट, म्हणजे दांडा, मोडूनच आला होता.

आणि घरी रोज फोन कर रे, स्कोर कसाही असो.