कोकणात टोमॅटोचे झाड घरात जगवून लवकर पीक घेता येईल का?

थंड देशांतले हौशी लोक टोमॅटोची झाडे हिवाळ्यात घरात आणून जगवतात आणि पुढच्या हंगामात लवकर फळे घेतात, तसे रत्नागिरीत पडवी असलेल्या घरात जमेल का, असे आपण विचारले आहे. जमते, मात्र आपल्याकडे झाडाला थंडीपासून नव्हे, तर पावसाळ्यापासून वाचवायचे असते, आणि वाचवायचे तेही अख्खे झाड नव्हे, त्याची एक फांदी.

टोमॅटो मुळात दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या परिसरातला असून तो अनेक वर्षे जगू शकतो. थंड देशांत पारा शून्यापर्यंत उतरून दव गोठले, की झाड एका रात्रीत काळे पडते. म्हणून तिकडे ते एका हंगामाचे मानले जाते आणि ज्यांना ते टिकवायचे असते ते कुंडी घरात आणतात. कोकण किनाऱ्यावर याच्या उलट जानेवारी हा टोमॅटोचा खरा महिना. रात्रीचे तापमान १५ ते २० अंश असले की फळ उत्तम धरते. मे महिन्यात रात्रीही उकडू लागले की फुले येतात आणि गळतात. त्यानंतरचे चार महिने पाऊस, अंधारलेले आभाळ, करपा आणि मर हे रोग.

पहिल्या वर्षी मी मे अखेरीस तीन जुनी झाडे कुंड्यांसकट पडवीत आणली होती. गणपतीच्या आधीच त्यांतली दोन, पाने हिरवी असतानाच, दोन दिवसांत माना टाकून बसली. पाणी कमी पडले असेल असे समजून मी आणखी पाणी घातले, ही माझी चूक. शेवटी बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापून काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरला, तेव्हा काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागा सरळ खाली उतरताना दिसला. ही जिवाणूजन्य मर. कुंडीतली माती मी परसातल्या वांग्यांच्या वाफ्यातून आणली होती आणि रोग तिच्याबरोबर आला होता, कारण वांगी, मिरची आणि टोमॅटो या तिघांनाही तो होतो आणि आपल्या उष्ण, आम्लधर्मी, पाणी धरून ठेवलेल्या जमिनीत तो चांगलाच पोसतो.

तेव्हापासून मी मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात, निरोगी झाडावर पान आणि खोड यांच्या बेचक्यात फुटलेली वीतभर फांदी काढते. पाने आखडून वर वळलेली असतील, तर त्या झाडाची फांदी घेऊ नये. पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू फांदीतूनही पुढे जातो. खालची पाने आणि असलेल्या कळ्या काढून फांदी पाण्यात ठेवावी आणि पाणी रोज बदलावे. चार-पाच दिवसांनी देठावरून अंगठा फिरवला, तर रव्याच्या कणांसारखे बारीक उंचवटे हाताला लागतात. तीच पुढची मुळे होत. आठ-दहा दिवसांत ती बोटाच्या पेराएवढी झाली, की फांदी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग गांडूळखत यांच्या मिश्रणात लावावी. परसातली माती एक मूठही घालू नये.

घरात खरी अडचण उजेडाची आहे. जुलैमधली पडवी आपल्या डोळ्यांना उजळ वाटते, पण टोमॅटोला ती काळोखीच असते, आणि झाड लांबट, फिकट होऊन पडते. मी रोपांच्या शेंड्यापासून हातभर वर २० वॅटची पांढरी एलईडी नळी टांगून ती दिवसाला १४ तास चालू ठेवते. (आमच्याकडे पावसात वीज किती तास असते, हे आपल्याला सांगायला नको, रोप एक-दोन दिवस सोसते.) पाणी, वरचे बोटभर मिश्रण सुकल्यावरच घालावे, दमट हवेत त्याला चार-पाच दिवसही लागतात. या काळात फळांचा मोह धरू नये, कळ्या खुडत जाव्यात. ऑगस्टच्या मध्यावर याच रोपाची नवी फांदी काढून तिलाही तशीच मुळे फुटू द्यावीत, कारण ऑक्टोबरात बाहेर जाण्यासाठी थकलेल्या, जुन्या झाडापेक्षा ही दुसरी पिढी कितीतरी जोमदार असते.

फांदीचा आणखी एक फायदा आहे. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ (पाने आखडण्याचा विषाणूजन्य रोग), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना दाद देत नाही. पण संकरित असल्याने त्याच्या फळातले बी पेरून तेच गुण मिळत नाहीत. फांदीतून मात्र तेच झाड जसेच्या तसे पुढे चालते.

हस्ताचा पाऊस सरल्यावर कुंडी बाहेर काढावी, पण पहिले आठ-दहा दिवस फक्त सकाळचे ऊन द्यावे, कारण ऑक्टोबरच्या उन्हात घरात वाढलेली पाने दुपारपर्यंत कागदासारखी पांढरी होतात. मोठ्या कुंडीत हलवताना अर्धे खोड मिश्रणात गाडावे. गाडलेल्या भागालाही मुळे फुटतात. तेव्हापासून कळ्या राहू दिल्या, की डिसेंबरच्या सुरुवातीला फळे पिकू लागतात. भातकापणीच्या सुमारास बी टाकणाऱ्यांपेक्षा महिना-दीड महिना आधी मिळणारे हे फळ चार-सहा कुंड्यांपुरतेच परवडते. विक्रीसाठी मी हा खटाटोप करणार नाही. फळ झाडावर पूर्ण लाल होण्याची वाटही पाहू नये. हिरव्यावर गुलाबी छटा फिरली, की तोडून घरात ठेवावे. ते तिथे पिकते, आणि वानरांच्या आधी आपल्या हाती लागते.