इपॉक्सी फ्लोअरला पावसात फुगे आले. फिनेलने पुसल्यामुळे का? रोज कशाने धुवावं?

तुमचं काजू प्रक्रियेचं युनिट सावंतवाडीजवळ, इपॉक्सी (काँक्रीटवर मारलेला राळेचा कडक लेप) करून दीड वर्ष झालं, श्रावणात फुगे उठले, मधल्या वाटेवर पांढुरका थर दिसतो, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो की बायका फिनेल टाकून पुसतात म्हणून हे झालं. पुसणारीवर खापर फोडण्याची ही रीत कोकणात दर पावसाळ्यात ऐकू येते, म्हणून आधी तेच सांगतो: फुगे पुसण्याने येत नाहीत. धुण्याचं नुकसान वरून सुरू होतं. चकाकी जाते, ओरखडे पडतात, चिकट थर बसतो. फुगा खालून येतो.

खात्री स्वतः करून घ्या. एक फुगा कटरने उघडा. आत पाणी असेल तर त्यात पीएच पेपर (आम्ल की अल्कली ते रंगाने दाखवणारी पट्टी) बुडवा. रंग अल्कधर्मी बाजूला गेला तर ते पाणी काँक्रीटमधून वर आलंय, बादलीतून खाली गेलेलं नाही. मग निघालेली खपली उलटी करून पाहा. मागे सिमेंटचा दाणेदार थर चिकटून आला असेल तर कोब्याचा (खालच्या काँक्रीटच्या जमिनीचा) वरचा थरच कच्चा होता. मागची बाजू गुळगुळीत, स्वच्छ असेल तर कोबा नीट ग्राइंड न करता, साय (वर जमलेला सिमेंटचा कच्चा पापुद्रा) न काढता प्रायमर, म्हणजे पहिला हात, मारलाय. दोन्ही दोष काम करणाऱ्याचे. फोटो काढून ठेवा, पीएच पेपर त्याच्यासमोर बुडवा.

आपल्याकडे हे एवढं का होतं? प्लिंथमध्ये (जोत्यात) भराव जांभ्याचा आणि मातीचा, पावसात पाणी वर चढतं, आणि पीसीसीखाली (साध्या, बिनसळईच्या काँक्रीटखाली) 250 मायक्रॉनचा पॉलिथिन कागद घालायला कुणी तयार नसतं. इपॉक्सी वरून तोंड बंद करते, ओलावा खाली कोंडतो आणि दाब कमजोर जागा शोधतो. कॉन्ट्रॅक्टर सांगेल, "आम्ही प्लास्टिक टेस्ट केली होती." कधी केली ते विचारा. ही टेस्ट म्हणजे एएसटीएम या अमेरिकन मानक संस्थेची डी 4263: 45 सेंटिमीटर चौरस पारदर्शक पॉलिथिन चारही बाजूंनी टेपने बंद करून किमान 16 तास ठेवायचं, खाली थेंब किंवा काळसर डाग दिसला तर कोबा ओला. एप्रिलमध्ये ती कोरडी आली तर कोकणात त्यातून काहीच सिद्ध होत नाही. ती ऑगस्टमध्ये करून पाहायची, आणि काम दिवाळीनंतर, कोबा वाळल्यावर धरायचं. जुन्या प्लिंथखाली कागद नसेल तर ओलावा रोखणारा इपॉक्सी प्रायमर आधी मारावाच लागतो. नुसता नेहमीचा प्रायमर मारून वर दोन कोट म्हणजे पैसे पाण्यात.

पांढुरका थर वेगळा. त्याची कारणं दोन. काम पावसाळी हवेत झालं असेल तर हार्डनरमधलं (इपॉक्सी कडक करणाऱ्या भागातलं) अमाइन हे रसायन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून वर मेणचट थर धरतं. स्लॅबचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं त्यापेक्षा) किमान 3 अंश जास्त नसेल तर याचा धोका फार वाढतो. तो न धुता पुढचा कोट मारला तर दोन कोटांमध्येच पापुद्रा सुटतो. पण तुमचा थर फक्त जायच्या-यायच्या वाटेवर आहे, म्हणून तो बहुधा फिनेलचाच. पांढऱ्या फिनेलमधलं पाइन तेल रोज थोडं थोडं साचतं आणि त्यावर धूळ चिकटते. काळं फिनेल तर बंदच करा, त्यातले क्रेसॉल इपॉक्सीला मऊ करतात. म्हणजे बायकांना फिनेल देणाऱ्याचं इतकंच चुकलं, फुग्यांशी त्याचा काही संबंध नाही.

थर काढायला 10 लिटर कोमट पाण्यात 50 मिली न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) फ्लोअर क्लीनर घ्या (लेबलवर वेगळं प्रमाण असेल तर ते). पाणी 40 अंशांच्या पुढे नको. पाच मिनिटं ओलं ठेवा, वाळू देऊ नका, पांढऱ्या किंवा लाल पॅडने घासा, वायपरने ओढा आणि साध्या पाण्याने दोनदा धुवा. हिरवा आणि काळा पॅड ओरखडे पाडतो. रोजचं काम साधं आहे: आधी कोरडा मायक्रोफायबर मॉप, मग ओला. आधी ओला फिरवलात तर दारातून आलेली रेती घासली जाते, आणि रेतीतला क्वार्ट्झ इपॉक्सीपेक्षा कितीतरी कठीण असतो. दाराशी काथ्याचं जाड पायपुसणं ठेवा, रोज झटका.

काजूच्या टरफलाचं तेल मात्र खरं संकट. ते पडलं की पाणी ओतू नका, पसरतं. लाकडाचा भुसा टाकून सुकं उचला, हातमोजे घालून, कारण कातडी जळते. मग टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच क्लीनरने धुवा. ॲसीटोन आणि थिनर नको. आत मुरलेला तपकिरी डाग धुण्याने जात नाही, 80 ते 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून नवा कोट मारावा लागतो. गंमत अशी की याच तेलातल्या कार्डानॉल या घटकापासून फेनाल्कामाइन नावाचा हार्डनर बनतो, आणि दमट हवेत तो साध्या अमाइन हार्डनरपेक्षा चांगला बसतो. रंगाला गडद, म्हणून प्रायमरलाच वापरावा. आपल्याच काजूतून निघणारी ही चीज कोकणातल्या कॉन्ट्रॅक्टरने मागून घ्यायला हवी.

स्टीम कुकरचं उकळतं पाणी जिथे सांडतं तिथे मुळात इपॉक्सी नकोच. साधी इपॉक्सी साधारण 60 अंशांच्या आसपास मऊ पडते. तेवढ्या पट्ट्यात 9 मिलिमीटर पीयू काँक्रीट (पॉलियुरेथेन राळ आणि सिमेंटचं मिश्रण) घाला, ते उष्णताही सोसतं आणि ओलावाही.

फुग्यांची दुरुस्ती पाऊस संपल्यावरच करा. फुग्याच्या कडेपासून एक वीतभर पुढेपर्यंत, कोटिंग घट्ट लागेल तिथवर कापा, कोबा ग्राइंड करा, वाळू द्या, ओलावारोधक प्रायमर आणि मग कोट. चालायला 24 तास, पण तेल, क्लीनर, ट्रॉली यांना सात दिवस लांब ठेवा. जमिनीखाली कागदच नसेल तर शेजारी पुन्हा फुगे येऊ शकतात, हे आधीच धरून चाला.

एक राहिलं. टॉयलेट क्लीनर, ॲसिड, व्हिनेगर यांतलं काही फरशीवर नको. निर्जंतुकीकरणाला ब्लीच लागलं तर पातळ करून, दहा मिनिटांत धुऊन टाका, आणि ते ॲसिडच्या बादलीत कधीही मिसळू देऊ नका, क्लोरीन वायू निघतो. पावसात दुपारी फरशीला घाम सुटला तर ती गळती नसते, दमट हवा थंड स्लॅबवर जमते. पंखे लावा, वायपर मारा, आणि ती ओली असताना ट्रॉली ओढायला कुणाला सांगू नका.