जितेंद्र अभिषेकींना गायक म्हणावं, संगीतकार की गुरू?

तुम्ही विचारलंय की ‘कट्यार काळजात घुसली’ चित्रपटामुळे अभिषेकीबुवांचं नाव कळलं, पण कुणी त्यांना ख्यालगायक म्हणतं, कुणी नाटकांचे संगीतकार, कुणी गुरू. मग त्यांचं खरं काम कोणतं मानायचं, आणि ऐकायला सुरुवात कुठून करायची?

मी गोव्यातल्या मंगेशीपासून जवळच राहते आणि संध्याकाळी आमच्या देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे देवळालगतच्या धर्मशाळेत, मुलांना गाणं शिकवते. बुवांकडे शिकायचं भाग्य मला लाभलं नाही. पण त्यांच्या चाली गळ्यावर चढवताना आणि आता मुलांकडून बसवून घेताना माझं एक मत पक्कं झालं आहे. बुवा चाल बांधायचे ती शिकवणाऱ्याच्या कानाने. समोरच्या गळ्यात काय आहे, काय दडून बसलंय, हे आधी ऐकायचं आणि मग सूर ठेवायचे.

हे मला पहिल्यांदा जाणवलं ते जत्रेतल्या नाटकात. आमच्याकडे गोव्यात देवळाच्या जत्रेला गावच्याच लोकांनी संगीत नाटक करायची रीत आहे. पालखी आत गेली की पडदा वर जातो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. आमच्या गावाने ‘मत्स्यगंधा’ घेतलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि सत्यवती माझ्या वाट्याला आली. तोवर मी जुन्या नाटकांतली पदं शिकले होते. पद म्हटलं की ताना हव्यातच, अशी माझी समजूत. ‘गर्द सभोती रान साजणी’ मला फारच सोपं वाटलं, म्हणून मी त्यात दोन-चार ताना घातल्या. पेटीवर बसलेल्या मास्तरांनी भाता सोडला. म्हणाले, “बाय, ही पोर रानात उभी आहे. बैठकीत बसलेली नाही.”

ताना काढल्या आणि मग ते गाणं मला पेलेना. इतकी उघडी चाल असली की सूर जरासा हलला तरी सगळ्या मांडवाला कळतं. बालकवींचे ते शब्द नुसते धरून ठेवायला मला तीन आठवडे लागले.

‘मत्स्यगंधा’ रंगभूमीवर आलं १९६४ साली. नाटक वसंत कानेटकरांचं, निर्मिती मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशनची. हे गाणं गायल्या आशालता वाबगावकर, मूळच्या गोव्याच्याच. आता त्याच नाटकातलं ‘साद देती हिमशिखरे’ ऐका. ते गोव्यातल्याच साखळी गावच्या रामदास कामतांसाठी. तिथे चाल वर वर चढत जाते, कारण कामतांचा आवाज वरच्या सुरांत जास्त फुलायचा. नाटक तेच, संगीतकारही तोच, पण एका गळ्याला शांत पाण्यासारखी चाल दिली आणि दुसऱ्याला डोंगर. ज्याने रोज वेगवेगळे शिष्य समोर बसवून ऐकलेत, त्यालाच हे सुचतं, असं मला वाटतं.

त्यांच्या आयुष्याबद्दल थोडं सांगते. जन्म मंगेशीचा, २१ सप्टेंबर १९२९. घराण्याचं मूळ आडनाव नवाथे; मंगेशाला अभिषेक करण्याचा मान घराण्याकडे, म्हणून अभिषेकी. वडील कीर्तनकार, तेव्हा शब्द आणि सूर एकत्रच कानावर पडले. त्या वेळी इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं; बुवा शिकायला बाहेर पडले, संस्कृतची पदवी घेतली, मुंबई आकाशवाणीवर काम केलं. गाणं ते अनेकांकडे शिकले: सुरुवातीला गिरिजाबाई केळेकर, पुढे आग्रा घराण्याचे जगन्नाथबुवा पुरोहित ‘गुणीदास’, अजमत हुसेन खाँ ‘दिलरंग’, आणि जयपूर घराण्याची विद्या असलेले गुलुभाई जसदनवाला. एकाच घराण्याची ओसरी सोडू नये असं मानणाऱ्या काळात हे सोपं नव्हतं. पद्मश्री १९८८ साली मिळाली, संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार पुढच्या वर्षी. ७ नोव्हेंबर १९९८ रोजी पुण्यात गेले.

आता ‘कट्यार’, कारण तुमची सुरुवात तिथूनच झाली आहे. मूळ नाटक पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, १९६७ सालचं. गोष्ट पंडितजी आणि खाँसाहेब या दोन गवयांची, त्यांच्या दोन घराण्यांच्या चुरशीची. म्हणजे संगीतकाराने नुसती गोड गाणी करून भागणारं नव्हतं. ही दोन वेगळी घराणी आहेत हे गाण्याचं ज्ञान नसलेल्या प्रेक्षकालाही कानाने पटायला हवं होतं. बुवांनी ‘घेई छंद मकरंद’ हे भुंग्यावरचं एकच पद घेतलं आणि त्याला दोन चाली दिल्या. पंडितजींच्या परंपरेतली चाल सालगवराळी रागात, प्रसाद सावकारांच्या आवाजात. कोमल, म्हणजे थोड्या उतरवलेल्या, रिषभ-गंधाराचा, तोडी रागाची आठवण करून देणारा हा राग. त्यात शब्द संथ आणि आब राखून येतात. खाँसाहेबांची चाल धानीत, वसंतराव देशपांड्यांसाठी. धानी पाच सुरांचा, चपळ. वसंतरावांची फिरत, म्हणजे सुरांवरून फिरणारा गळा, कुठून कुठे झेप घेईल याचा नेम नसायचा, आणि त्या झेपेला हवी तेवढी मोकळी जागा चालीत ठेवलेली आहे. शब्द तेच, पण भुंगा वेगळा! दोन घराण्यांचं भांडण कशावरून आहे हे मला कुणाच्या व्याख्यानातून इतकं स्पष्ट कळलं नव्हतं.

जुन्या नाटकांत पदं डझनांनी असत आणि रसिक ‘वन्समोअर’ देत राहिले की नाटकाची गोष्ट ताटकळत उभी राही. त्या काळाचं वैभव मला मनापासून प्रिय आहे. पण साठच्या दशकातल्या प्रेक्षकाला एवढा वेळ नव्हता. बुवांनी पद आखूड केलं आणि प्रसंगाला बांधलं. रागदारी मात्र पातळ होऊ दिली नाही. ‘ययाती आणि देवयानी’मधलं ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ घ्या. शब्द कुसुमाग्रजांचे, राग चारुकेशी. या रागात पंचमापर्यंत सगळे सूर शुद्ध, आणि वर धैवत-निषाद कोमल. खालच्या अर्ध्यात उजेड, वरच्या अर्ध्यात हुरहूर. त्या पदाला जे हवं होतं ते रागाच्या अंगातच आहे. बुवांनी ते ओळखलं.

शिकवणं हा त्यांचा जोडधंदा नव्हता. लोणावळ्याला आणि पुढे पुण्यात शिष्य त्यांच्या घरीच राहून शिकत. प्रभाकर कारेकर, आशा खाडिलकर, देवकी पंडित, राजा काळे, अजित कडकडे, मुलगा शौनक, तुम्ही ज्यांना चित्रपटात ऐकलंत ते महेश काळे. ही मंडळी एकापाठोपाठ एक ऐका. कडकड्यांचा अभंग आणि देवकीताईंचा ख्याल यांत एका गुरूची नक्कल शोधून सापडत नाही. मी स्वतः शिकवायला लागल्यावर हे किती अवघड आहे ते कळलं. मुलं आपल्याच लकबी उचलतात, आणि ते ऐकून बरंही वाटतं. तिथे स्वतःला आवरायला लागतं.

ऐकायचा क्रम विचारलात, तर आधी ‘गर्द सभोती’. मग दोन्ही ‘घेई छंद’, मध्ये दुसरं काही न ऐकता. ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ बुवांच्याच आवाजात, रात्री. त्यानंतर चोखोबांचा ‘अबीर गुलाल’, तोही त्यांच्याच आवाजात. वडिलांच्या कीर्तनाचा संस्कार तिथे मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. आणि शेवटी ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’, भैरवीतलं. आमच्या अग्रशाळेत दिवेलागणीला वर्ग सुटताना मुलं तेच म्हणतात. ते नाटकातलं पद आहे हे त्यांतल्या निम्म्यांना माहीत नाही. त्यांच्यासाठी ती प्रार्थनाच आहे.